हरळीची मुळी

हल्ली आमच्या नांदेड-लातूरकडे लग्नपत्रिका हातात पडली की माणूस तिथीच्या आधी ठिकाण बघतो. ठिकाणाच्या ओळीत पूर्वी गावातलं देऊळ असायचं, शाळेचं पटांगण असायचं, आमच्यात मशिदीमागची मोकळी जागा असायची. आता तिथे ‘अमुक लॉन्स’ असतं. कमान असते, दिवे असतात आणि मधोमध हिरवी कंच हिरवळ असते. तिच्यावर पाय ठेवताना खेड्यातला माणूस चपला काढू की नको, अशा विचारात क्षणभर थांबतो.

गेल्या हिवाळ्यात लातूरच्या अशाच एका लॉन्सवर नात्यातलं लग्न होतं. माझे थोरले भाऊ कंधार तालुक्यातल्या आमच्या गावाहून आले होते. वय सत्तरीच्या पुढे, सगळी हयात कोरडवाहू वावरात गेलेली. खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी वाकून गवताला हात लावला, दोन बोटांत एक पातं धरून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “अरे, ये तो हरळी है!”

आजूबाजूचे हसले. माझा भाचा सगळ्यांत जास्त हसला. म्हणाला, “बडे मामू, हरळीच आहे. माझ्याच वावरातली. फूटभर चौकोनाच्या भावानं विकली.”

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यामागे केवढा इतिहास आहे, हे मला ठाऊक होतं. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

आमच्या लहानपणी हरळी हा शेतकऱ्याचा वैरी होता. काळ्या जमिनीत दोन गवतं माणसाला रडवायची, एक कुंदा आणि दुसरी हरळी. वरून कितीही कापा, तिचा जीव वर नसतोच. जमिनीखाली तिचं पांढरट दोरीसारखं खोड पसरत जातं आणि त्याच्या पेरापेराला डोळा असतो. नांगरानं त्याचे दहा तुकडे केले तर दहा ठिकाणी हरळी उगवते. म्हणून चैत्र-वैशाखात खोल नांगरट करायची, ढेकळं उन्हात तापू द्यायची आणि मग घरातल्या सगळ्यांनी ओळीनं बसून मुळ्या वेचायच्या. अब्बा म्हणायचे, एक मुळी राहिली तर मिरगात एक वाफा राहिला म्हणून समजा. वेचलेल्या मुळ्यांचे ढीग धुऱ्यावर वाळवून जाळले जायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बाजारात आणला. जमीन खोल उलथून हरळी-कुंद्याचा बंदोबस्त करायला लाकडी नांगरापेक्षा तो जास्त कामाचा होता. मराठीनंही या गवताची नोंद घेतली आहे. जी गोष्ट काही केल्या संपत नाही, पिढ्यान् पिढ्या टिकून राहते, तिला आपण ‘हरळीची मुळी’ म्हणतो.

पण वावरातला हा वैरी वेशीच्या आत आला की त्याचा मान बदलायचा. भाद्रपदात शेजारच्या काकू मला हाक मारायच्या. त्यांना गणपतीसाठी एकवीस दूर्वांच्या जुड्या हव्या असायच्या आणि चांगली हरळी कुठे आहे हे गुराखी पोरांइतकं कुणाला ठाऊक असणार? दूर्वा आणि हरळी एकच, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे तिची जागा वेगळी. कबरस्तानात बहुतेक कबरी मातीच्याच. पहिला पाऊस झाला की त्यांच्यावर हरळी चढते आणि कुणाची कबर लहान, कुणाची मोठी, हे ओळखू येत नाही. दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात शहाजहानची लेक जहाँआरा हिची कबर आहे. ती १६८१ साली वारली. चहूबाजूंनी संगमरवर आहे, पण वरचा भाग उघडा, मातीचा. गवतानंच आपल्याला झाकावं, अशी तिची इच्छा होती. बादशहाच्या लेकीनं मागून मागून काय मागितलं, तर आमच्या धुऱ्यावर फुकट उगवणारी वस्तू.

आणि मग होतं कुरण. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, गवत नसतं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, हे आपण शाळेत पाठ केलं. पण एक घोडा दिवसाला सात-आठ किलो वाळलं गवत खातो. दहा हजार घोड्यांच्या फौजेचा हिशेब केला तर रोजचं ७०-८० टन गवत लागतं. ते या उदगीर-औशाच्या माळांनीच दिलं असणार. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार दूरवर माहीत आहे. देवणी ही गाईबैलांची जात लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावानं ओळखली जाते आणि लाल कंधारी ही नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या. गवताशिवाय हे काहीच झालं नसतं. देवणीचा डौल आणि लाल कंधारीचा रंग आपण पाहतो, त्यांच्या पाठीमागचा माळ पाहत नाही.

हा माळ पुढे कमी होत गेला. का गेला, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. गावोगावच्या गायरानांवर ज्यांनी नांगर धरला, त्यांत मोठा भाग भूमिहीनांचा होता, त्यातही दलितांचा. गावकीची कामं पिढ्यान् पिढ्या केलेली, पण नावावर वीतभर जमीन नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, १९६४ साली तो देशभर गेला. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तेव्हा गवत गेलं म्हणून नुसता गळा काढण्यात अर्थ नाही. गाईचं रान माणसाच्या भाकरीसाठी गेलं असेल, तर त्यात मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की जनावरांसाठी उरलेलं गवत आपल्याला ओसाड वाटत राहिलं आणि नुसतं बघण्यासाठी लावलेलं गवत मात्र आपण वैभव मानू लागलो.

ही बघण्यासाठीच्या गवताची आवड मूळची आपली नाही. मोगलांच्या बागा म्हणजे पाण्याचे पाट, सावली, फळझाडं आणि फुलं. ताजमहालासमोर आज जी सपाट हिरवळ आहे, ती शहाजहाननं केलेली नाही; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या काळात ती बाग इंग्रजी वळणावर बदलली गेली. ‘लॉन’ हा शब्दसुद्धा रानातली मोकळी जागा अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. इंग्लंडमध्ये पाऊस बारमाही, ऊन कोवळं, त्यामुळे तिथे गवत आपोआप वाढतं. ते कापायला आधी विळेवाले मजूर लागत किंवा मेंढ्या. ज्याच्याकडे मजूर जास्त आणि जमिनीची भूक कमी, त्यालाच वाड्यासमोर हिरवळ परवडायची. ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराला १८३० साली कल्पना सुचली, की कापडावरची लव छाटायचं गिरणीतलं यंत्र गवतावरही चालेल. तिथून गवत कापायचं यंत्र जन्माला आलं आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात उतरली. इंग्रज इथे आले तेव्हा जिमखाने आले, छावण्या आल्या, कलेक्टरचे बंगले आले आणि त्यांच्याबरोबर ही हौस आली. देश वेगळा, पाऊस चार महिन्यांचा, पण बंगल्यापुढचं गवत बारा महिने हिरवं पाहिजे, हा हट्ट तेव्हापासूनचा.

मात्र इंग्लंडचं गवत इथल्या उन्हात टिकेना. इथे टिकणारं गवत एकच होतं, ज्याला आम्ही जाळत होतो ते. अमेरिकेत या हरळीला बर्म्युडा गवत म्हणतात. तिथल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. त्या गावच्या कृषी संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं हरळीचा आणि तिच्या बारीक पानांच्या एका आफ्रिकी बहिणीचा संकर केला. त्यातून मखमलीसारखे दाट वाण निघाले. १९६० सालचा ‘टिफवे’ हा त्यांतलाच एक. गोल्फच्या आणि खेळाच्या मैदानांवर हे वाण जगभर पसरले. पण या संकरित हरळीला उगवणारं बी धरत नाही. बी नाही म्हटल्यावर लावायची तर मुळीच लावावी लागते, नाहीतर तयार गवत मातीसकट कापून न्यावं लागतं. हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळून विकण्याचा धंदा वाढला, त्याचं एक कारण हेही आहे.

या बर्टनची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. त्यानंच बाजरीचा ‘टिफ्ट २३ ए’ नावाचा वाण तयार केला. ते बियाणं भारतात आलं आणि त्याच्यापासून लुधियानाला डॉ. अठवालांनी १९६५ साली ‘एचबी-१’ ही देशातली पहिली संकरित बाजरी काढली. बाजरीचं उत्पन्न एकदम वाढलं. पुढे सत्तरच्या दशकात तिच्यावर गोसावी रोग पडला, तो भाग वेगळा. मला नवल याचं वाटतं, की श्रीमंताच्या मैदानाची हिरवळ आणि गरिबाच्या तव्यावरची भाकरी एकाच माणसाच्या हातून गेली. आणि ते साहजिकही आहे. बाजरी गवतच आहे. ज्वारी, गहू, भात, ऊस, सगळी गवताचीच लेकरं. बाहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो आपल्या माणसांनी खाल्ला, तीही ज्वारीच, गवतच. सबंध माणूसजात गवताच्या एका कुळावर जगते आहे.

आता माझ्या भाच्याकडे येतो. माझी थोरली बहीण औशाकडे दिली आहे. तिला आम्ही आपा म्हणतो. तिच्या मुलानं २०१३ साली सोयाबीनला कंटाळून अर्ध्या एकरात लॉन लावायचं ठरवलं. कल्पना त्याला नांदेडला सुचली. २००८ साली गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेड शहर नव्यानं सजलं, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, बागा झाल्या. तेव्हा माझ्या घरी आलेला हा पोरगा एका बागेच्या कामावर आंध्रच्या ट्रकमधून गुंडाळलेली हिरवळ उतरताना तासभर बघत उभा होता. ट्रक कडियमचा होता. राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या गाळाच्या जमिनीवर कडियमच्या रोपवाटिका आहेत, तिथून देशभर रोपं जातात. मला गंमत वाटली. आमच्या नांदेडवरून वाहत गेलेली गोदावरी तिकडे गाळ होऊन पसरते, त्या गाळावर गवत वाढतं आणि ते ट्रकमध्ये बसून पुन्हा आमच्याकडे येतं.

हे पीक कसं घेतात, ते मी त्याच्या वावरात पाहिलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर मुरूम आणि लाल मातीचा थर द्यायचा. पाटा फिरवून जमीन ताटासारखी सपाट करायची. निवडक हरळीच्या मुळ्यांचे तुकडे वीतभरापेक्षा कमी अंतरावर टोचायचे. मग पाणी, खत, रोलर आणि दर थोड्या दिवसांनी कापणी. तीन-चार महिन्यांत गादी तयार होते. मग फावड्यानं बोटभर मातीसकट पट्टे कापायचे, गुंडाळायचे आणि रातोरात गाडी हाणायची. कारण गुंडाळी जास्त वेळ राहिली तर आतल्या आत तापते आणि गवत पिवळं पडतं. काही लोक खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर मातीचा पातळ थर देतात. मुळ्या खाली जातच नाहीत, गादी अलगद उचलता येते. भाच्यानं तसं केलं नव्हतं. कागदाला पैसे नव्हते, एवढंच कारण.

मी त्याला विचारलं, “दर वेळेला बोटभर माती जाते, मग तू गवत विकतोस की माती?” तो म्हणाला, “मामू, तुम्ही कवी माणूस. गिऱ्हाईक असं विचारत नाही.” पण मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. दोन सेंटिमीटर माती गेली, तर एकरी ८० घनमीटर माती गेली. आणि उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तरी एकराला दिवसाचं २० हजार लिटर होतं. वीस लिटरची घागर म्हटली तर हजार घागरी.

मग २०१६ साल आलं. लातूरला पाणी देणारा धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडला. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर लोक गाडी बघायला गेले होते. पाण्याची गाडी! त्याच दिवसांत मुंबईच्या उच्च न्यायालयात गवताचा खटला चालू होता. आयपीएलच्या सामन्यांसाठी खेळपट्ट्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, दुष्काळात ते देऊ नये, अशी याचिका होती. १३ एप्रिलला न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. सामने बाहेर गेले, अंतिम सामना २९ मे रोजी बंगळूरला झाला. ६० लाख लिटर म्हणजे लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या बारा खेपा.

तेव्हा पुष्कळांनी विचारलं, सामने हलवून लातूरला थेंब तरी मिळाला का? प्रश्न चुकीचा नव्हता. ऊस हेही गवतच आणि मांजराकाठी त्यानं किती वर्षं किती पाणी प्यायलं, त्याचा खटला कुणी चालवला नाही. उसाच्या मानानं हिरवळीचं रान म्हणजे हत्तीपुढे मुंगी. पण घरातलं पाणी संपत आलं की माणूस आधी अंगणातला सडा बंद करतो. सड्यानं हंडा भरत नाही, तरी घरातल्या लहानांना कळतं की दिवस कसले आहेत.

आमच्या घरातला खटला मात्र आपानं चालवला. भाच्याची गादी तयार होत आली होती, एका बंगल्याच्या कामाची आगाऊ रक्कम घेतलेली होती. बोअरला पाणी उरलं होतं ते जेमतेम. अर्ध्या एकराला दिवसाचं दहा हजार लिटर, म्हणजे पाचशे घागरी. तो रात्री मोटार चालवायचा आणि पहाटे वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन कुंपणाशी येऊन थांबायच्या. चार दिवस आपानं पाहिलं. पाचव्या दिवशी तिनं स्वतः लॉनचा वॉल्व्ह बंद केला. म्हणाली, “घास को पानी देते बैठा, और दरवाजे पे औरतां खड़े हैं.” भाचा चिडला, रडला. ती गाडी गेलीच नाही. आगाऊ रक्कम परत करायला आपानं हातातल्या बांगड्या मोडल्या. त्या पुन्हा झाल्या नाहीत.

दोन आठवड्यांत ती हिरवी गादी गोणपाटाच्या रंगाची झाली. ती वाळली तेव्हा भाच्यानं कुंपण उघडलं आणि वस्तीवरची जनावरं आत सोडली. विकायला लावलेली हिरवळ आठ-दहा दिवसांसाठी पुन्हा कुरण झाली. मी गेलो तेव्हा दोन देवणी गाई तिथे मान खाली घालून चरत होत्या. भाचा धुऱ्यावर बसला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सगळ्यांत महाग कडबा, मामू.”

जूनमध्ये पाऊस आला. आठवड्याच्या आत त्या गोणपाटातून हिरवे कोंब वर आले. हरळी मेली नव्हती, ती थांबली होती. पाणी नसलं की ती पानं सोडून देते, पण खालच्या मुळीत जीव राखते. जिथे कागद अंथरलेला असतो आणि मुळी खाली गेलेली नसते, तिथे तिला असं थांबता येत नाही. कागदाला पैसे नसल्याचा भाच्याला झालेला हा एकच फायदा. त्यानं पुढच्या वर्षी त्याच मुळ्यांवर धंदा पुन्हा उभा केला. आता तो उन्हाळ्यातलं काम घेत नाही. गादी पावसाळ्यात वाढवतो, हिवाळ्यात विकतो. त्याचं उत्पन्न कमी झालं, पण चैत्रात रात्रीची मोटार बंद झाली. बोअरचं पाणी आधी वस्तीला, मग गवताला, हा आपाचा कायदा अजून चालू आहे.

हा सगळा इतिहास मी का सांगितला? भाच्यानं गवत लावू नये, असं मला म्हणायचं नाही. कोरडवाहू पोराला चार पैसे मिळतात, मिळू द्या. लग्नात लेकरं हिरवळीवर लोळतात, लोळू द्या. हरळीला आपण वैरी म्हटलं, दूर्वा म्हटलं, लॉन म्हटलं. ती प्रत्येक वेळी तीच होती. पाऊस नसेल तेव्हा थांबायची तिची तयारी आहे. बारा महिने हिरवं दिसण्याचा हट्ट तिचा नाही, आपला आहे. गवत थांबू शकतं, कुंपणाशी घागर घेऊन उभी असलेली बाई थांबू शकत नाही. मराठवाड्यात पाण्याचं वाटप करणाऱ्याला एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

आता आमच्या दोन्ही शहरांत ‘टर्फ’ आले आहेत. पोरं तासावर पैसे भरून रात्री दिव्यांत क्रिकेट खेळतात. खाली प्लॅस्टिकचं गवत असतं. त्याला पाणी लागत नाही, म्हणून काही जण त्याला दुष्काळावरचा उपाय म्हणतात. मी एकदा नातवाला घेऊन गेलो होतो. पाणी लागत नाही हे खरं, पण त्याला गाय तोंड लावत नाही, त्याच्यातून पाऊस आला हेही कळत नाही.

त्या लग्नाचं एवढंच सांगायचं राहिलं. जेवणं झाली, निरोप झाले. भाऊ गाडीकडे निघाले आणि कमानीपाशी थांबले. हिरवळीच्या कडेला फरशीच्या फटीतून एक मुळी बाहेर आली होती. ते खाली बसले, मुळी बोटाला गुंडाळून मुळासकट उपटली, माती झटकली आणि भाच्याच्या हातात देत म्हणाले, “ही राहिली होती.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)